तेराव्यानंतर आलेली बाटली

परळच्या एका रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे दम्याच्या, फुप्फुसाच्या रुग्णांवर एक संशोधन चाललं होतं. तेल खवट होतं तशी शरीरातली चरबीही आतल्या आत खवटते, आणि त्याचे अंश लघवीत उतरतात. नमुन्यात रसायन घालून तो उकळत्या पाण्यात ठेवला की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकी झीज जास्त. माझं काम तो रंग मोजण्याचं.

भोईवाड्यातले एक काका दर सोमवारी बाटली घेऊन येत. माझगावच्या गोदीत जन्मभर जहाजं रंगवलेली. आता आमचा एक जिना चढायला त्यांना तीनदा थांबावं लागे.

"बाय, गेल्या खेपेक रंग कसो इलो?" ते विचारायचे.

"काका, रंगातलं तुम्हाला जास्त कळतं," मी म्हणायचे. आकडे सांगायची परवानगी नव्हती. ते हसायचे, आणि हसता हसता खोकला यायचा.

एका सोमवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. त्यानंतर एका दुपारी त्यांची बायको आली. कपाळ मोकळं. पिशवीतून तिने, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली काढली.

"त्या सोमवारी सकाळीच भरून ठेवलेली तेंनी. मग चाय पिताना दम लागलो, तो लागलोच. काल तेरावा झाला. फ्रिजात होती, टाकूक हात होईना."

इतक्या दिवसांचा नमुना चालत नाही. तरी मी तो दोन्ही हातांनी घेतला.

"तुमच्या ह्या औषधान बरे होतले, असा वाटायचा माका," ती म्हणाली.

मला खोटं बोलवेना. "काकी, हे औषध नव्हतं. आम्ही नुसतं मोजत होतो. पुढच्या लोकांना कधीतरी उपयोग व्हावा म्हणून."

"तेंका ठावक होता?"

"हो. पहिल्याच दिवशी सांगून सही घेतली होती."

"तेंनी माका कधी सांगूक नाय," ती एवढंच म्हणाली. मग पिशवीची घडी घालून उठली. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. ती कठडा धरून, मागे न बघता उतरली.

परत येऊन काकांच्या रकान्यात 'नमुना बाद' लिहिलं. बाटली मात्र त्या दिवशी माझ्याच्याने ओतवली नाही.