नाकाफी

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवार, सकाळी दहा. हजर : रेहानाआपा, त्यांची मुलगी शबाना आणि मी. जागा : लातूरला त्यांच्या घराची मागची खोली, जिच्या खिडकीतून अंगणातलं कॉफी भाजायचं यंत्र दिसतं. विषय एकच, टेबलावरची अर्धा किलो कच्च्या बियांची पिशवी. आपांचे नवरे निसारभाई नव्हते; चाळिसावा त्यांचाच. त्यांच्या दुकानाचा माल आणि याद्या मी सांभाळायला लागल्यापासून ते नाहीत अशी ही पहिलीच बैठक…

ते गेले तेव्हा मी औशाला माल पोचवायला गेले होते. शबानाचा फोन आला, "ताई, अब्बा गेले. नमाज पढून बसले ते बसलेच." मी वही काढून वेळ लिहिली. सवय तशी. मग पुढच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, आणि बसस्टँडवर तशीच उभी राहिले.

निसारभाईंचं दुकान तसं चहापत्तीचं. आपल्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांपुरती. पण आपांचं माहेर चिकमगळूरच्या वरच्या डोंगरातलं, आणि लग्नात त्या कॉफीची सवय घेऊनच लातूरला आल्या. दिवसाला चार कप. त्यासाठीच निसारभाईंनी अंगणात ते यंत्र बसवलं. पुढे त्यांचं काळीज धडधडायला लागलं आणि डॉक्टरांनी कॉफी बंद केली. आपांनी तक्रार केली नाही. निसारभाईंसाठी मात्र रोज स्वतः करायच्या, आणि कप हातात देण्याआधी एकदा तोंडाशी नेऊन वाफ घ्यायच्या. एवढंच. ते निसारभाईंनी पाहिलं, आणि आमच्या मागे हे काम लागलं.

कॉफीतला जागं ठेवणारा अंश काढता येतो, हे तोवर मला माहीतही नव्हतं. कच्च्या बिया पाण्यात भिजवून तो अंश ओढून घेतात आणि बिया परत वाळवतात. निसारभाईंनी तसला एक डबा बाजारातून आणला. आपांनी घोट घेतला, कप खाली ठेवला. "रंग काफी का, जान पानी की." दुसऱ्याच आठवड्यात आम्ही डोंगरात होतो. अडचण तिथे कळली. उंचावरच्या लहान शेतकऱ्याकडे पाच-सात पोती माल, आणि तो अंश काढणारा कारखाना म्हणतो एवढ्याशासाठी टाकी भरत नाही. म्हणून दहा डोंगरांचा माल एकत्र करायचा. तो पिणाऱ्याला चांगला लागायचा. आपा मात्र एका घोटात ओळखायच्या, "यह नीचे का माल है. हमारे गाँव का नहीं."

गिऱ्हाइकांना समजावणं वेगळंच. नायगावचे एक दुकानदार हात जोडून म्हणाले, "भाई, पिऊन बी झोपच येनार आसंल तर मानसानं दूध प्यावं की!" निसारभाई गंभीरपणे म्हणाले, "दूध तुमी प्या शेठ, पाहुण्याला काफी द्या. रातच्याला पाहुणा बी झोपंल अन् तुमी बी."

नावाचा घोळ मात्र त्यांचाच. मी पाकिटासाठी 'कॅफिनमुक्त' सुचवलं. "ताई, त्ये दवाखान्यावानी वाटून राहिलं. काफीतली काफी काढली, तर नाकाफी!" मी नको म्हणायच्या आत पाकिटं छापून आली. नांदेडला एका निवृत्त उर्दू मास्तरांनी पाकीट हातात घेतलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "मियाँ, नाकाफी यानी अपुरा! अपने माल को खुद ही अपुरा बता रहे हो?" परत येताना गाडीत मी यादी केली : पाकिटं रद्द, नवीन नाव, नवा छापा. निसारभाईंनी माझ्या हातातला पेन काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. खोटं कुठं हाय? घरात पास होईस्तोवर ती नाकाफीच."

यंदा एकाच गावचा माल वेगळा करून घेणं जमलं. आपांच्या माहेरच्या गावातच शांतव्वांचा मळा आहे. त्यांनी सगळा माल राखून ठेवला, आणि एका लहान कारखान्याने तेवढाच वेगळा भिजवायचं कबूल केलं. आधी नमुना पाठवतो, तुमचा होकार आला की बाकीचा घेतो, म्हणाले. नमुना आला तो निसारभाई गेल्यानंतर नवव्या दिवशी.

तीच ही पिशवी. एकदाच भाजता येईल एवढी. आणि ही कॉफी भाजणं अवघड, कारण अंश काढलेल्या बिया कच्च्या असतानाच तपकिरी असतात, रंगावरून काहीच कळत नाही. त्या तडकतात त्याचा बारीक आवाज ऐकून थांबायचं असतं. माझ्या वहीत निसारभाईंच्या प्रत्येक भाजणीची मिनिटं लिहिलेली आहेत, पण प्रत्येक माल वेगळा, त्या मिनिटांचा इथे उपयोग नाही. मी बैठकीत तेच म्हणाले, तो कान आता गेला.

शबाना आईकडे बघायला लागली. आपांनी खिडकीकडे बोट केलं.

"उनको सुनाई कहाँ देता था, सुनंदा? यंत्राच्या धडधडीनं कान कधीचेच गेलेले. मी हितं खिडकीत बसायची. माल तडकला की 'बस' म्हणून हात वर करायची. मग ते तुमच्याकडं बघून मान हलवायचे."

इतकी वर्षं मी यंत्रापाशी वही घेऊन उभी होते. खिडकीकडे पाठ करून.

म्हणजे काम सरळ होतं. यंत्र मी चालवायचं, हात आपांनी वर करायचा. शुक्रवार ठरला. मी यंत्र तापवलं, आपा खिडकीत येऊन बसल्या, मी पिशवीला कात्री लावली. "आज रहने दो," त्या म्हणाल्या. "ही पास झाली, तर मग त्यांचं काहीच बाकी राहत नाही." मी यंत्र बंद केलं. पुढच्या शुक्रवारीही तेच झालं. कारखाना थांबला आहे, शांतव्वांची पोती तशीच आहेत. त्यांना फोन करून मी आणखी आठ दिवस मागितले. कारण त्यांनी विचारलं नाही.

या आठवड्याच्या यादीत पहिलं काम : नमुना भाजणे. समोर खूण नाही.