उरलेली मिनिटं

सोफ्याच्या खोळी शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे आत्या म्हणायचे. एकदा तिचा भाचा विसरलेला डबा द्यायला आला आणि दारातूनच "आत्या" अशी हाक मारून गेला. ती हाक तिथेच चिकटली. वयाने तिच्याहून मोठा असलेला मालकसुद्धा तिला आत्याच म्हणे.

कामाला ती वाघ होती आणि बोलायला त्याहून वरचढ. आयुष्यभर मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोललेली, त्यामुळे तिने साधं "पाणी दे" म्हटलं तरी नव्या माणसाला वाटायचं की आपलं काहीतरी चुकलं. तिच्या समोरच्या टेबलावर खुर्च्यांना फोम चिकटवणारा एक जुना सोबती होता. तो म्हणायचा, आत्या गप्प झाली की समजावं, सुई बोटात गेलीय.

तिने लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आली. भावाचं घर तीन खोल्यांचं. तिची खाट बाहेरच्या खोलीत, अगदी दाराशी, त्यामुळे येणारा-जाणारा तिच्या पायथ्याशीच चपला काढायचा. पगार झाला की त्यातला बराचसा ती भावजयीच्या हातात ठेवी. कुणी मागितला नव्हता, पण नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

फोनचा प्लॅन भावाने घेतला होता. भाऊ, भावजय, भाचा आणि आत्या असे चार नंबर, आणि चौघांची मिनिटं एकत्र. एकाच हंड्यातलं पाणी सगळ्यांनी प्यायचं, तसं. आपण केलेला फोनही त्यातून जायचा आणि आलेलाही. महिना भरायच्या आत हंडा रिकामा झाला तर पुढचं बोलणं फार महाग पडायचं. भावाने फोन हातात दिला तेव्हा म्हणाला होता, "ताई, तुला आता वेगळं काही बघायला नको." तिला खरंच बरं वाटलं होतं. या घरात आपल्यालाही धरलंय, असं वाटलं होतं.

तिला बोलायचं असायचं ते एकाच माणसाशी. धाकट्या बहिणीशी. ती दूरच्या गावी राहायची, बसने जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. दोघींचं कित्येक वर्षं फाटलेलं होतं. आईच्या आजारपणात धाकटी आली नाही म्हणून आत्याने तिला चार माणसांत नको नको ते सुनावलं होतं, आणि धाकटीने पाठ फिरवली ती फिरवलीच. मग एक दिवस कळलं की धाकटीच्या नवऱ्याला झटका आलाय. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आत्याने फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पलीकडून "हॅलो" आलं, तशी ही म्हणाली, "जेवलीस का?"

तेवढ्यावर सगळं मिटलं. दोघींनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

तेव्हापासून रोज कामावरून आल्यावर हातपाय धुऊन आत्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायची. घरात टीव्ही चालू असायचा. धाकटीचा फोन जुना, बटणांचा. ती तो स्पीकरवर लावून नवऱ्याच्या उशाशी ठेवी. त्या घरात दोनच माणसं. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरीला उत्तर देणारं कुणी नव्हतं. धाकटी म्हणायची, "दिवसभर मी भिंतीशी बोलते. भिंत परवडली गं, ती निदान डोळ्यांत पाणी आणून बघत नाही."

मग आत्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायची. मालकाचा चिकटपणा. चुलत भावापुढे मिरवायचं म्हणून सोफ्याची खोळ पडद्याच्याच कापडाची शिवून घेणारं गिऱ्हाईक, आणि मग कुणीतरी पडदा समजून त्या खोळीलाच हात पुसल्यावर झालेलं भांडण. ती तिखटमीठ लावून सांगायची. अशा वेळी फोनमधून घशातला एक खरखरीत आवाज यायचा, आणि धाकटी म्हणायची, "हसतायत गं हे." हे ऐकायला आत्या आणखी दोन गोष्टी रचून सांगायची.

एका महिन्याच्या मध्यावरच जेवताना भावाने विषय काढला. मिनिटं संपत आली होती आणि महिना संपायला अजून बरेच दिवस होते. कोण एवढं बोलतंय, असं त्याने सगळ्यांना विचारलं, पण विचारताना बघितलं आत्याकडे. भावजयीने ताटातून नजर वर काढली नाही. भाचा म्हणाला की आत्या तर रोज जिन्यात बसलेली असते. ते खरंच होतं.

"तसं नाही ताई, तू बोल," भाऊ म्हणाला, "पण जरा आवर. सगळ्यांचं असतं ना ते."

आत्याने हातातला घास ताटात ठेवला. कारखान्यात मालकालाही दोन शब्द सुनावणारी ही बाई घरात मात्र मान खाली घालून "बरं" म्हणाली. दुसऱ्याच्या घरात जिभेला हाड असावं लागतं, हे ती आल्या दिवसापासून शिकली होती.

फोमवाल्याने तिला सरळ सांगितलं की स्वतःचा नंबर घे, चार पैसे कमावतेस. तिला ते पटलं नाही. एका छपराखाली राहून वेगळी चूल मांडल्यासारखं दिसेल, भावाला वाटेल की हिला राग आला. राग आला होताच, पण तो दिसू द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला तो मनाशी ठरवून की आज आटोपतं घ्यायचं. धाकटीचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा होता, कोवळा, लहानपणी काही लपवून आणायची तेव्हा असायचा तसा.

"ताई, आज ना, तुला एक गंमत... थांब हं. जरा थांब."

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. मग नुसता श्वास ऐकू आला. आत्याने वाट पाहिली. तिच्या डोळ्यांसमोर भावाचा जेवतानाचा चेहरा आला.

"अगं, थोडक्यात सांग ना," ती म्हणाली. "मिनिटं संपत आलीत. इथे बोलणी खावी लागतात मला."

श्वास थांबला. मग धाकटी म्हणाली की काही विशेष नाही, ठेव तू. आत्याने ठेवला. किती कमी वेळात उरकलं म्हणून तिला तेव्हा समाधानच वाटलं.

पुढचा महिना लागला तसं तिने आणखी कडक धोरण धरलं. पहिल्यापासून हात आखडला तर शेवटी कुणी बोट दाखवणार नाही, असा तिचा विचार. धाकटीला तिने एकदाच कुणाकरवी निरोप पाठवला की मी रोज एक रिंग देईन आणि कापीन, म्हणजे समज, बरी आहे. धाकटीनेही सुरुवातीला उलट रिंग दिली. मग एक दिवस दिली, एक दिवस नाही. मग तिच्याकडून रिंग यायची बंद झाली. आत्या मात्र जिन्यात बसून रोज एक रिंग देत राहिली, फोन उचलला जाईल या भीतीने घाईघाईत कापत राहिली.

आणि महिना संपायच्या आधी, तसाच जेवणाच्या वेळी, भाऊ म्हणाला, "मिनिटं परत संपली."

आत्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "या महिन्यात मी एकदाही बोलले नाही," ती म्हणाली.

भावजय घरबसल्या विमा विकायची, त्यासाठी सकाळपासून फोन कानाला असायचा, आणि गिऱ्हाईक नसलं की तिची आई असायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते मागच्या महिन्यातही माहीत होतं.

"माझं कामच फोनवरचं आहे, ताई," भावजय म्हणाली. "मी काही गप्पा छाटत नाही."

"तुला कुणी काही म्हटलंय का?" भाऊ लगेच म्हणाला. तो आवाज वेगळा होता. आवर हा शब्द त्यात नव्हता.

दोनच दिवसांनी त्याने नवा प्लॅन घेतला. हवं तेवढं बोला, मोजदाद नाही. भावजयीच्या कामाला लागतंच, असं तो ज्याला त्याला सांगत होता. आत्याला कुणी काहीच सांगितलं नाही. भाच्याच्या बोलण्यातून तिला कळलं. कारखान्यात हे ऐकून फोमवाला म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. तुझ्या घरी चोराला वर नवी तिजोरी घेऊन दिली." आत्या हसली नाही.

त्या संध्याकाळी तिने फोन लावला आणि कापला नाही. खूप वेळाने उचलला गेला. आत्या भराभर बोलत सुटली, आता काही बंधन नाही, हवं तेवढं बोलू, मालकाने काय केलं ऐक. धाकटी "हं, हं" करत होती. स्पीकर लावलेला नव्हता, ते आवाजावरून समजत होतं. बोलता बोलता आत्याने विचारलं, "त्या दिवशी काय गंमत सांगणार होतीस गं?"

"ते होय," धाकटी म्हणाली, आणि मग तिने सांगितलं.

"ह्यांनी 'ताई' म्हटलं होतं. दोन दिवस घोकत होते. लाळ गळायची, घामाघूम व्हायचे, पण थांबायचे नाहीत. तुझा फोन आला की तुला ऐकवायचं, असं ठरलं होतं आमचं. मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला होता."

आत्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"तू म्हणालीस, थोडक्यात सांग. त्यांना थोडक्यात कुठे जमतंय, ताई? एवढा एक शब्द काढायचा तर किती वेळ लागतो. पण ऐकू येतं ना त्यांना सगळं. मान फिरवली भिंतीकडे."

"आणि आता? आता म्हणतात?"

"नाही. परत प्रयत्नच केला नाही त्यांनी."

धाकटी हे रागाने बोलली नाही. रागावली असती तर आत्याला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी आत्याने कामावरून येताना स्वतःचा नंबर घेतला आणि जुना फोन भावापुढे ठेवला. त्याला ते लागलं. आम्ही तुला काय कमी केलं, असं त्याने विचारलं. मग तो म्हणाला की नंबर मात्र बंद करायला नको, चौघांचा प्लॅन असला तर सवलत मिळते. आठवडाभरात भावजय त्या नंबरवरूनही विमा विकायला लागली. कुणी "आत्या आहेत का" म्हणून विचारलं तर राँग नंबर म्हणून ठेवून देई.

सुट्टी मिळाल्यावर आत्या बसने धाकटीकडे गेली. मेहुणा पलंगावर उशीला टेकून बसला होता. त्याने तिला ओळखलं, चेहऱ्याची चांगली बाजू जराशी हलली. आत्या त्याच्याजवळ बसली, त्याचा हात हातात घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहून वाट पाहत बसली. खिडकीतलं ऊन पलंगावरून जमिनीवर उतरलं. एकदा त्याचे ओठ उघडले. ती पुढे झुकली. पण त्याला पाणी हवं होतं.

"मला वेळ आहे," ती त्याला म्हणाली. "हवा तेवढा वेळ घ्या."

त्याने डोळे मिटून घेतले. धाकटी दारातून म्हणाली की दमवू नकोस त्यांना, आणि चहा ठेवायला गेली. चहा चांगल्या कपबश्यांतून आला, पाहुण्यांना देतात त्या.

निघताना धाकटी बसपर्यंत सोडायला आली. शेजारची एक बाई नवऱ्याजवळ बसवून आली होती. ती आता रोजच संध्याकाळी येऊन बसते, तिचा आधार वाटतो, असं तिने वाटेत सांगितलं. बस आली तेव्हा आत्याने विचारलं, "मी रोज फोन करत जाऊ ना?"

"कर ना. पण नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस, ताई," धाकटी म्हणाली. "मला आता सवय झालीय."

आत्या अजून रोज फोन करते. धाकटी उचलते, औषध काय चालू आहे ते सांगते, कामाचं विचारते. आत्या सांगते की काम बरं चाललंय. मग दोघींनाही पुढचं काही सुचत नाही, आणि कुणीतरी एक जण म्हणते की बरं, ठेवते.