रक्त जानकीचं होतं

जानकी गेली तेव्हा मी विहिरीवर होतो. आमचा पाडा सूर्यमाळच्या अंगाला, वर डोंगरात. उन्हाळ्यात इथं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायचा. माझ्यापुढे दोनच बाया राहिल्या होत्या. मथी धावत आली. मथी म्हणजे माझ्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको, जानकीची जाऊ, आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. ''दादा, घरी चला... ताई गेली.'' बाया बाजूला झाल्या. मी खाली उतरलो आणि हंडा भरूनच वर आलो. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं. म्हणू द्या. तिला आंघोळ घालायला पाणी लागणारच होतं आणि घरात तांब्याभरही नव्हतं. महिना झाला त्याला.

मेलेलं माणूस सगळ्यांनाच देवासारखं वाटतं. जानकी देव नव्हती. तोंडाची फटकळ, मला चारचौघांत ''अर्धवट'' म्हणायची. पण कुणाचं काम अडलेलं तिला बघवायचं नाही. लावणीला आमची खाचरं तशीच ठेवून आधी मथीचं उरकायची, वर तिलाच शिव्या द्यायची, ''तुझे हात काय माहेरी ठेवलेस का गं?'' ह्याच सवयीनं तिचा घात केला. आणि माझ्या भित्रेपणानं. दोन्ही लिहितो.

गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी शाळेच्या पडवीत रक्त घ्यायला डॉक्टर आले होते. चाचणी नवी, अजून अभ्यास चाललाय, म्हणून यादीत नावं असलेल्या बायांचंच रक्त घेणार होते. त्यातली डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण समजावून सांगणारी. म्हणाली, शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचं लिखाण असतं. त्या लिखाणावर मिथाइलच्या बारीक खुणा असतात, टिकल्या लावल्यासारख्या. अक्षर तेच राहतं, पण कुठलं वाचायचं आणि कुठलं झाकायचं ते त्या टिकल्यांवर असतं. कॅन्सर झाला की टिकल्या भलत्या जागी बसतात. त्या पेशींचे तुकडे रक्तात येतात, म्हणून काही दुखायच्या आधीही रक्तातून कळू शकतं, आणि कुठल्या अवयवातून आलं त्याचा अंदाज बांधता येतो. जानकी लगेच म्हणाली, ''टिकली वाकडी लागली तर माझी सासू ओरडायची. आता रक्तपण ओरडणार का?'' डॉक्टरीणबाईपण हसली.

यादीत जानकीचं नाव नव्हतं, मथीचं होतं. मथी सुई बघून जी पळाली ती घरात कडी लावून बसली. सरकारी दवाखान्याची आशाताई रडकुंडीला आली, यादी पुरी झाली नाही तर वरून बोलणी तिलाच. जानकीनं पदर खोचला. ''मी बसते तिच्या जागी. रक्त काय, लालच.'' आशाताईनं इकडंतिकडं बघितलं आणि मथीचंच नाव लिहिलं. जानकीनं अंगठा दिला. मी शेजारी उभा होतो.

पावसाळा सरता कागद आला. मथीच्या रक्तात खुणा सापडल्या, अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो, तपासायला मुंबईला या. मथीला घेऊन मीच गेलो. मशीनमध्ये घातली, काही निघालं नाही. निघणार कुठून... तिची पिशवी, अंडाशय, सगळं कधीच काढलेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, ''बाबा, हे रक्त यांचंच होतं ना?'' मथीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात एकच, खोट्या नावावर अंगठा दिलाय, केस होईल, आशाताईची नोकरी जाईल. मी म्हणालो, ''यांचंच.'' डॉक्टरनं चाचणी चुकली असं लिहून दिलं.

घरी येऊन सांगितलं तर जानकी चुलीपुढं नागलीची भाकर थापत होती. हात थांबला तिचा. ''ओ, मग त्या खुणा माझ्या तर नाय?'' मी हसलो. म्हटलं, ''मशीन येडं आहे. जिला पिशवीच नाय तिला पिशवीचं दुखणं सांगतं.'' सगळा पाडा हसला ह्याच्यावर. मी हसलो ते वेगळं. मला तेव्हाच कळलं होतं. एकदा खोटं बोलून आलो, आता परत जाऊन खरं कोणत्या तोंडानं सांगू, एवढंच होतं ते. मी परत जायचं नाव काढलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. अर्धवट म्हणायची मला, बरोबर म्हणायची.

यंदा थंडीत तिचं पोट फुगायला लागलं. मोखाड्याहून जव्हार, जव्हारहून मुंबई. डॉक्टर तोच. ह्या वेळी मी सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. चष्मा काढून बसून राहिला. मग म्हणाला, ''तेव्हा आला असता तर काहीतरी करता आलं असतं, बाबा.'' पोलीस आले नाहीत. कोणी आशाताईला काढलं नाही. ज्याला भ्यालो त्यातलं काहीच झालं नाही. मी त्याला म्हटलं, त्या जुन्या कागदावर तिचं नाव तरी घाला. म्हणाला, आता बदलता येत नाही.

तो कागद आरशामागे खोचलेला आहे, मथीच्या नावाचा. आरशाच्या कडेला जानकीच्या टिकल्या आहेत, रोज झोपताना काढून चिकटवायची. तिचे दिवस घातल्यावर मथी घर सारवायला आली. रोज भाकरही तीच देते, उंबऱ्यात ठेवून जाते. आरसा पुसताना तिनं नखानं एक टिकली खरवडायला घेतली. मी म्हटलं, ''राहू दे. ह्या तरी तिच्या नावावर असू दे.''

मथीनं हात मागे घेतला. फडकं तिथंच ठेवून गेली. अजून तिथंच आहे.