गच्च भरलेली बशी

प्रयोगशाळेत पेशींना खाऊ घालणाऱ्या ताई सकाळपासून संशोधक मॅडमची नजर चुकवत होत्या. पेशींमधली कोणती जनुकं किती जोरात कामाला लागलीत, ते वाचून मॅडमच्या संगणकाने सांगितलं होतं, ‘या पेशी दुप्पट व्हायला चार दिवस घेतील.’ आणि त्या तर एका दिवसात दुप्पट होऊन बसलेल्या.

“ताई, पेशींच्या बशांची अदलाबदल नाही ना झाली?” मॅडमनी गोड आवाजात विचारलं, म्हणून तर ताईंना जास्त धडकी भरली.

अदलाबदल झालीच नव्हती. रविवारी नातीला ताप होता, म्हणून ताई कामावर आल्या नव्हत्या. पेशींना कुठला रविवार? त्या वाढतच राहिल्या. सोमवारी बशी गच्च भरलेली. ताईंनी त्यातलाच नमुना संगणकाला वाचायला दिला, उरलेल्या पेशी मोकळ्या बशीत पांगवल्या आणि कामाच्या वहीत रविवारी आल्याचीही सही ठोकली.

आता गप्प बसावं तर संगणक चुकला असं ठरून मॅडमची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात, बोलावं तर नोकरी.

“मॅडम, रविवारची सही खोटी आहे,” ताई म्हणाल्या. “पेशी अंग चोरून बसल्या होत्या. दाटीत त्या वाढत नाहीत. संगणकाने तेच वाचलं. मोकळी जागा मिळाली, तशा सुटल्या.”

“म्हणजे संगणक खरं बोलला.”

“हो. खोटं मीच बोलले.”

मॅडमनी वही पुढे सरकवली. “ती सही खोडा, खरं लिहा.”

ताईंनी सही खोडून खाली ‘रविवारी आले नाही’ असं लिहिलं. “उद्या येऊ ना?”

“नातीचा ताप उतरला?”

“उतरला.”

“मग या. आणि नाही जमलं, तर फोन करा.”