सुंदराबाईंनी मांडलेली बैठक

पोटनिवडणुकीच्या दिवशी दुपारी घोडपदेवात बातमी पसरली, की खानावळवाल्या सुंदराबाईंना पोलिसांनी मतदान केंद्रातून धरून नेलं. धरून कुठलं नेताय! बाई शाळेतल्या मतदानाच्या खोलीत फतकल मारून बसल्या होत्या आणि हवालदारच "मावशी, उठा हो" म्हणून गयावया करत होता.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. नवरा गेल्यावर गिरणीतल्या गाववाल्यांना जेवू घालू लागल्या. सोळा जणांचे डबे रोज एकाच पाटीतून गिरणीत जायचे. कालवणाइतकीच जीभही तिखट.

सत्तावन्नच्या निवडणुकीत दर उमेदवाराची निशाणी लावलेली वेगळी पेटी होती. सुंदराबाईंनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, मताचा कागद तिच्या डोक्यावर ठेवला आणि नमस्कार करून बाहेर आल्या. चाळीत कौतुकाने सांगू लागल्या तेव्हा कळलं, ते मत फुकट गेलं. मग वर्षभर त्यांना कोणी चिडवलं, ते मला विचारू नका. तेव्हापासून बाईंचा एकच ध्यास: संयुक्त महाराष्ट्रासाठी दिलेलं आपलं मत मोजलं गेलं पाहिजे.

आणि या खेपेला आत जाऊन बघतात तर एकच पेटी, तीही बिननिशाणीची!

"आमच्या माणसाची पेटी खंय लपवलात?"

अधिकाऱ्याने पद्धत बदलल्याचं सांगितलं.

"मोरीचो मासो नि वांगी एकाच टोपात? मगे निवडतलो कोण?" असं म्हणून बाईंनी तिथेच बैठक मारली.

समितीतर्फे आत बसलेला राजाराम त्यांच्याच खानावळीत जेवणारा. तो म्हणाला, "मावशी, सोळा डबे एका पाटीतून येतात. माझा मलाच कसा मिळतो?"

"डब्याच्या झाकणार खूण करतंय ना मी!"

"मग कागदावरच्या हव्या त्या निशाणीसमोर शिक्का मारा. तीच खूण."

बाई तटकन उठल्या. शिक्का मारला, कागद पेटीत पुरता उतरला का ते वाकून पाहिलं आणि रुबाबात घरी आल्या. मी चाळीच्या दारात टपूनच होतो.

"काय सुंदराबाई, आज हळदकुंकू वाहिलंत की नाही?"

"आज खूण करून इलंय."

"कसली खूण?" माझ्या तोंडून निसटलं. सकाळी पहिला नंबर लावून, आपल्याला कोण शिकवणार अशा थाटात, मी कागदाची घडी घालून तो तसाच पेटीत टाकला होता.

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नानानू, माझा मत पेटीच्या डोक्यार रवला होता. तुमचा पोटात जावन पण कोराच!"