बोळातली पिंपं

आमच्या शेवगावात नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून घरोघरी पिंपं. आमच्याकडे निळी, कमरेच्या वर येणारी दोन आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून ती मागच्या खोलीत मोरीजवळच्या भिंतीला उभी होती. त्याच खोलीत लॅपटॉप मांडून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. समोरच्या खोलीत बसायची सोय नाही, कारण रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी आहे आणि ती दिवसभर खडखडते.

पहिल्याच मीटिंगला मला माझ्या मागं पिंपं दिसली. बाकीच्यांच्या मागं पुस्तकांची कपाटं, कुंड्या, कुणाच्या मागं नुसती स्वच्छ पांढरी भिंत. माझ्या मागं पिंपं, त्यांवर झाकलेल्या पराती आणि वाळत टाकलेलं फडकं. पाणी साठवण्यात लाजण्यासारखं काय आहे? पण मला वाटली लाज, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, पिंपं बोळात ठेवू." बोळ म्हणजे आमच्या दोन खोल्यांमधली चिंचोळी वाट.

"मोरी मागं हाय गं," त्या म्हणाल्या. "कळशी भरून आनायला लांब पडंल. माझा गुडघा लई धरतोय."

"चार पावलं तर आहेत," मी म्हटलं. ती चार पावलं दिवसभर त्यांनाच टाकायची होती. पिंपं बोळात गेली, माझ्या मागं फुलाफुलांचा पडदा आला, आणि रेंज गेली.

रोज गेली असती तर परवडलं असतं. एखाद्या दिवशी झकास चालायचं, एखाद्या दिवशी आवाज तुटायचा आणि माझं तोंड वाकडं होऊन चित्र थिजायचं. वायफायचा डबा समोरच्या खोलीत टीव्हीखाली बसवलेला. वायफायवाला आला, त्यानं वायर बदलली, आणि त्याच्यासमोर सगळं असं सुरळीत चाललं की मीच खोटी पडले. मी डबा बंद करून चालू केला, लॅपटॉप खिडकीत ठेवला, स्टुलावर ठेवला. शेवटी माझा संशय सासूबाईंच्या मोबाईलवर गेला. दुपारी त्या समोर कीर्तन ऐकत बसतात.

"तुमच्या कीर्तनानं माझी रेंज जाते," मी फटकन बोलले.

त्यांनी मोबाईल फडताळात ठेवून दिला. पुढं काही दिवसांनी दारातूनच हळू विचारलं, "आता येतंय का गं नीट?" येत नव्हतं. तरी मी तोंडानं "बघू" एवढंच म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत माझी.

नोकरी अजून कच्ची होती. साहेबांनी सरळ सांगून टाकलं होतं, पुढच्या मीटिंगला आवाज तुटला तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं लागेल. नवऱ्याचं दुकान इथं, घर इथं. पुण्याला जाणं शक्यच नव्हतं, म्हणजे नोकरी सोडायची, आणि ती मी किती हट्टानं मिळवली होती ते माझं मला माहीत.

नेमकं त्या मीटिंगच्या दिवशी सकाळी पाणी आलं. पिंपं काठोकाठ भरली. लॅपटॉप उघडला तर रेंजची एकच काडी. चिडून मी तो तसाच उचलला आणि समोर निघाले. पिंपं ओलांडली, तर सगळ्या काड्या. मागं आले, पुन्हा एक. मग कुठं टाळक्यात उजेड पडला. रेंज जायची ती पाणी आल्यावर, आणि यायची ती पिंपं तळाला गेल्यावर. वायफायवाला आला तेव्हा दोन्ही रिकामीच होती. मधे भरलेली पिंपं असली की पाणीच रेंज खातं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा तिथं ठेवला होता तोही मीच.

भरलेलं पिंप हलत नाही. आम्ही दोघींनी पहिल्याचं पाणी हंड्या-बादल्यांत उपसलं आणि ते गडगडत जुन्या जागी आणलं. पडदा काढावा लागला. दुसऱ्याचं पाणी यात आणून ओतायचं होतं, तेवढ्यात मीटिंगची वेळ झाली.

"तू बस," सासूबाई म्हणाल्या. "मी आनते."

लॅपटॉपवरच्या माझ्या चौकटीत त्या मागं येताजाताना दिसत होत्या. लुगडं खोचलेलं, गुडघ्यावर एक हात, दुसऱ्यात कळशी. आवाज होऊ नये म्हणून पाणी पिंपाच्या कडेनं सोडत होत्या. बोळातलं पिंप निम्मं झालं असेल, माझा आवाज मोकळा झाला.

"वा, आज एकदम स्वच्छ ऐकू येतंय," साहेब म्हणाले. "मागं कोण आहेत?"

"कामाच्या बाई आहेत, सर. पाणी भरतायत."

चौकटीत सासूबाई कळशी धरून थांबल्या. मग त्यांनी ती सावकाश ओतली आणि पुन्हा बोळात गेल्या. तोंडातून निसटलं म्हणावं, तर नंतर सुधारायला कितीतरी वेळ होता. मी कामाचंच बोलत राहिले.

मीटिंग छान झाली. साहेबांनी पुण्याचं नावही काढलं नाही.

"जमलं का?" सासूबाईंनी विचारलं. त्या उंबऱ्यावर बसून गुडघा चोळत होत्या.

"जमलं."

"मंग बरं झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी "आई" म्हणत जवळ गेले. "च्या टाक," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. पिंपं परत जुन्या जागी बघून त्यांनी विचारलं, तर सासूबाईंनी सगळं रंगवून सांगितलं, पाणी रेंज कसं अडवतं, आपण कळश्या कशा वाहिल्या. मग म्हणाल्या, "सायबानं मला बी बघितलं त्याच्यात. कोन हाय म्हून इचारलं हिला."

"मंग? काय म्हनली ही?"

मी चहाचे कप घेऊन दारातच थबकले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"काय म्हननार? माझी आई हाय, म्हनली."