मास्तर, जरा बसा

आधीच सांगतो, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. पनवेलच्या एका हायस्कूलमध्ये सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे मी, हाडांचा सांगाडा रोज माझ्याच हातानं पुसतो. अंगात आलेल्या बायकांसमोर उभं राहून वाद घातलेला माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते... पण बायको म्हणाली, लिहून टाका एकदाचं, मला तरी किती वेळा सांगाल!

लोकल अजून पनवेलपर्यंत आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. जुन्या काविळीनं डाव साधला आणि माझ्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. कॅन्सर. मोठं ऑपरेशन झेपणार नाही म्हणून मुंबईच्या हॉस्पिटलात नवा उपाय केला — पोट फाडायचं नाही, सोनोग्राफीत बघत बघत बरगडीखालून लांब सुई घालायची आणि गाठीत शुद्ध अल्कोहोल सोडायचं. गाठ जळते म्हणे. आता बघा, जन्मात थेंबाला शिवलो नाही, आणि दारू घुसली ती थेट लिव्हरात!

शेजारच्या कॉटवर गव्हाणचे धर्माबाबा होते. उभा जन्म मिठागरात गेलेला साठीचा माणूस. त्यांनाही तीच गाठ, तीच सुई. मला मास्तर म्हणायचे. अहो, मी मास्तर नाही, असं चारदा सांगितलं, तर म्हणे, "शालेत जाताव ना? मंग मास्तरच." आणि वर हसून, "आमी तोंडानी घेतली, तुमी बरगडीतून. शेवट दोगं येकाच गुत्त्याव आलाव!" सुईची वेळ जवळ आली की मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. "मास्तर, जरा बसा माज्याजवल," म्हणायचे. मी बसायचो, पण पाच मिनिटांत काहीतरी निमित्त काढून उठायचो. आजाऱ्याजवळ बसणं मला कधी जमलंच नाही.

दोघांना एकाच दिवशी घरी सोडलं. "घरा गेल्याव येतो तुमाला भेटायला," ते म्हणाले. मी म्हटलं, कशाला त्रास घेता. गाडीत बसताना माझ्या चष्म्याची काडी तुटली. घरी आल्यावर सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हाताला लागला तो तांबडा दोरा गुंडाळून ती बांधून दिली.

आणि मग सुरू झाली भेटायला येणाऱ्यांची रीघ! प्रत्येकाच्या हातात शहाळं नाहीतर बिस्किटांचा पुडा, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न — "तुम्ही तर घेत नाही ना हो? मग लिव्हर कसं?" बोलण्याचा सूर असा की रोज चोरून घेत असणार. सुनंदा चहा करून करून दमली, मी उत्तरं देऊन देऊन. शेवटी डोकं लढवलं. तिची रजा संपली होती. मी म्हटलं, कचेरीत जाताना दाराला बाहेरून कुलूप लाव, आणि आळीत सांग की हे पेणला बहिणीकडे गेलेत विश्रांतीला. ती नको नको म्हणत होती. "अहो, काही झालं तर?" मी म्हटलं, काय होतंय! आयडिया सर्वस्वी माझी, हे इथे कबूल करतो.

दोन दिवस मजेत गेले. लोक यायचे, कुलूप बघून परत जायचे, मी आत पडल्या पडल्या हसायचो. बुधवारी मात्र सकाळपासून ठीक नव्हतं. उजवा खांदा विनाकारण ठणकत होता. सुनंदा गेल्यावर घाम फुटला, घसा कोरडा पडला आणि झोप अशी यायला लागली की पापणी उचलवेना. तळमजल्याच्या दोन खोल्या, मागे एकच खिडकी, तिच्यासमोर शेजारच्या घराची भिंत. वीज गेल्यानं पंखा बंद. घरात फोन नव्हता. वाटलं सुनंदाला बोलवावं, मग आठवलं, बोलवायचं कसं? पहिल्यांदाच त्या कुलपाची भीती वाटली. पण म्हटलं, जरा झोपू, उठल्यावर बघू.

दोन-अडीचचा सुमार असेल. डोळे किलकिले केले तर पायथ्याशी घडीच्या लोखंडी खुर्चीवर धर्माबाबा बसलेले. पांढरी टोपी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पहिला विचार काय आला सांगू? आला हा छळायला!

"आत कसे आलात?"

"मास्तर, निजू नका. तुमी निजलाव का मी येकटाच."

"अहो, मला बरं नाहीये."

"चाय ठेवलाय, घ्या ना."

बघा म्हणजे! घर माझं, आणि पाहुणा मला चहा घ्या म्हणतोय. स्टुलावर तर पाण्याच्या तांब्याशिवाय काही नव्हतं. मी डोळे मिटले. लगेच — "मास्तर, जरा बसा माज्याजवल."

"बसतोय कुठला, आडवा झालोय!"

डोळा लागतोय म्हणेपर्यंत पुन्हा तेच. बसा. निजू नका. चाय घ्या. किती वेळ हे चाललं कोण जाणे. शेवटी माझं टाळकं सटकलं. हा जात नसेल तर आपण दार उघडून याला घालवू, म्हणून भिंतीला धरत उठलो. दारापर्यंतची ती आठ पावलं मी जन्मात विसरणार नाही. कडी काढली, दार ओढलं... बोटभर फट आणि बाहेर कुलूप खणखणलं. मागून आवाज आला, "मास्तर, जाऊ नका."

"अरे उघडा! याला बाहेर काढा कोणीतरी!" मी दारावर दोन्ही हातांनी बुक्के मारायला लागलो.

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. कुलूपबंद घरातून दार वाजतंय, माणूस तर पेणला — आळीतल्या बायकांची पाचावर धारण बसली. समोरच्या रेशमाभाभी मात्र पुढे आल्या. "या अल्लाह, ये तो भाईजान हैं! असं खेकसणारा माणूस आख्ख्या आळीत एकच आहे." त्यांनीच वरवंट्यानं कुलूप तोडलं. मी त्यांच्या पायाशी कोसळलो. खुर्ची रिकामी होती.

सुई टोचल्या जागेतून आतल्या आत रक्त झिरपत होतं. पोटात साचलेलं. खांदा त्यानंच दुखत होता, झोपही त्याचीच. डॉक्टर म्हणाले, तासभर आणखी झोपला असता, तर उठला नसता.

म्हणजे धर्माबाबांना हाकलायला उठलो म्हणून मी वाचलो. रक्त कमी पडलं की माणसाला भास होतात, हेही डॉक्टरांनी सांगितलं. पटलं मला. तरी दीड महिन्यानं अंगात ताकद आल्यावर सुनंदाला घेऊन एसटीनं गव्हाणला गेलो. म्हटलं, सांगू म्हाताऱ्याला, हसेल.

दारात त्यांची बायको होती. कपाळ मोकळं. मी काही बोलायच्या आधीच ती माझ्या चष्म्याकडे बघत राहिली. काडी तशीच होती, दोऱ्याची.

"तुमी पनवेलचे मास्तर ना?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"यांनी सांगितला. दीड म्हयना झाला, बुधवार होता. दुपारी बोलला, मास्तर आलाय भेटायला, चष्म्याला तांबडा दोरा बांधलाय, चाय टाक. आमाला कोन दिसं ना. तरी मी चाय करून ठेवला खुर्चीम्होरं. हे त्या खुर्चीशीच बोलं. मास्तर बसा, मास्तर निजू नका. मंग बोलला, मास्तर उठला, जातंय... जाऊ नका, जाऊ नका बोलला, आन् डोले मिटले."

हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मला सहन होईना. सुनंदानं माझा हात धरला. म्हातारीनं खुर्ची पुढे केली, म्हणाली, "बसा, चाय टाकते."

मी बसलो. संध्याकाळची शेवटची एसटी चुकेपर्यंत बसलो.

चार वर्षं झाली. माझे भास समजू शकतो, पण तो दोरा घरी आल्यावर बांधलेला होता, धर्माबाबांनी तो पाहिलेलाच नव्हता. कोण कोणाला भेटायला गेलं होतं, कोणी कोणाला जागं ठेवलं, मला आजही सांगता येत नाही. विज्ञानावरचा विश्वास तसाच आहे. पण मी उठलो नसतो तर मेलो असतो, आणि मी उठलो म्हणून तो माणूस एकटा गेला. हे कोणत्या परीक्षानळीत घालू?

दाराला आता कुलूप नसतं. आणि हल्ली कोणी आजारी आहे कळलं की मी जातो. शहाळं वगैरे नेत नाही, नुसता जाऊन बसतो. सुनंदा डोळ्यांनी खुणावते, निघू या ना आता. पण आजारी माणूस स्वतःच्या तोंडानं "या आता" म्हणेपर्यंत मला उठवत नाही.